भेंडीबाजारची गर्दी आणि तिचा हिशेब

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी मुंबईत पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. दोनच दिवस आधी, २९ ऑगस्टला, शहर पावसात बुडाले होते. शंभरी ओलांडलेल्या त्या इमारतीने ३३ माणसांचा जीव घेतला. इमारत धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते. तिथली काही कुटुंबे संक्रमण शिबिरात गेली होती, काही तिथेच राहत होती. विशेष म्हणजे ही इमारत भेंडीबाजारच्या पुनर्विकास प्रकल्पाच्या हद्दीतच होती. म्हणजे ती पाडायची आहे हे ठरलेले होते, पण ती पाडली जाण्याआधीच पडली.

त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात दोन पक्ष दिसले. एक म्हणत होता, या वस्तीतल्या जुन्या इमारती तातडीने जमीनदोस्त करा आणि उंच टॉवर उभे करा. दुसरा म्हणत होता, इथे आधीच पाय ठेवायला जागा नाही, श्वास घ्यायला हवा नाही, त्यात आणखी मजल्यांचे ओझे कशाला? दोन्ही बाजूंना आपला प्रश्न नवा वाटत होता. प्रत्यक्षात तो किमान सव्वाशे वर्षे जुना आहे. या काळात सरकारने भेंडीबाजारच्या आजारावर दोन मोठी औषधे दिली आणि ती एकमेकांच्या अगदी उलट होती. एकदा सांगितले की गर्दी हाच रोग आहे, ती विरळ करा. नंतर सांगितले की आणखी बांधकाम हाच उपाय आहे, ते वाढवा. दोन्ही वेळा इमारतींचे मोजमाप झाले, माणसांचे अर्धवट राहिले. आजच्या वादात नेमकी तीच चूक पुन्हा होण्याची भीती आहे, म्हणून हा इतिहास पाहायला हवा.

वस्ती दाटली कशी?

अठराव्या शतकापर्यंत मुंबईचा व्यापार किल्ल्याच्या तटबंदीच्या आत एकवटलेला होता. १८०३ मध्ये किल्ल्यात मोठी आग लागली आणि त्यानंतर देशी व्यापारी व कारागीर तटाबाहेर, उत्तरेकडे सरकू लागले. पायधुनी, डोंगरी, मांडवी, चकला हे भाग भरत गेले. १८०२ मध्ये उभी राहिलेली जुमा मशीद आणि १८६० मध्ये इराणी व्यापाऱ्याने बांधलेली मुघल मशीद या दोन तारखांच्या मधल्या काळात इथले मुस्लिम मोहल्ले आकाराला आले. कोकणी मुसलमान या बेटांवर आधीपासूनच होते. त्यांच्यात गुजरात-काठियावाडकडचे मेमन, खोजे आणि बोहरे मिसळले. पुढे उत्तरेकडचे विणकर आले, इराणी आले.

भेंडीबाजार या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक म्हणजे इथल्या भेंडीच्या झाडांवरून. दुसरी म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा बाजार, इंग्रजांचा ‘बिहाइंड द बाजार’, लोकांच्या तोंडी ‘भेंडीबाजार’ झाला. कोणतीही खरी मानली तरी एवढे नक्की की ही वस्ती गोऱ्यांच्या नगराच्या पाठीमागे वाढली आणि त्या नगराला लागणारी मेहनत, माल आणि माणसे तिने पुरवली.

१८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात कापसाचा भाव चढला आणि शहरात पैसा आला. बंदर आणि गिरण्या माणसे खेचत होत्या. ही माणसे राहणार कुठे? जिथे कामावर चालत जाता येईल तिथे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिथे आपला कोणी तरी असेल तिथे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून बोटीवर नोकरी शोधायला आलेला कोकणी मुसलमान डोंगरीत आपल्या गावच्या जमातीने घेतलेल्या खोलीत पथारी टाकत असे. एका खोलीत वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका असत. बोटीवर गेलेल्याची जागा रिकामी झाली की बोटीवरून परतलेला तिथे झोपत असे. गावाकडे पत्र पाठवायचे, पैसे पाठवायचे, कोणी वारले तर मय्यतीची सोय करायची, सगळे याच खोलीतून होई.

बाहेरच्याला यात फक्त गर्दी दिसत होती. आत राहणाऱ्यासाठी तीच बँक होती, नोकरीची चिठ्ठी होती आणि आजारपणातला आधार होता. गरिबाकडे भांडवल नसते तेव्हा ओळख हेच त्याचे भांडवल असते, आणि ओळख दाट वस्तीतच टिकते. याच गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुरादाबादकडून आलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसैन खाँ या भावांनी भेंडीबाजार घराण्याची गायकी घडवली. त्याच घराण्यातले अमान अली खाँ पुढे लता मंगेशकरांचे गुरू झाले. सांगायचा मुद्दा हा की दाटी म्हणजे फक्त दारिद्र्य, हे समीकरण पहिल्यापासूनच अपुरे आहे.

अर्थात दाटीचा दुसरा चेहराही तेवढाच खरा होता. घरमालक जुन्या इमारतीवर मजले चढवत होते, अंगणे भरून टाकत होते, मागच्या गटाराच्या बोळाकडे खिडकी उघडणाऱ्या खोल्या भाड्याने देत होते. नफा मालकाचा आणि खोकला भाडेकरूचा, अशी ती वाटणी होती.

प्लेग आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. बघता बघता साथ पसरली. लोक शहर सोडून पळाले. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या पुढे होती, ती १९०१ च्या जनगणनेत ७ लाख ७६ हजारांवर आली.

सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला. घरात शिरून तपासणी, रुग्णाला जबरदस्तीने इस्पितळात नेणे, सामान जाळणे, असे प्रकार सुरू झाले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून लोक भडकले. गोळीबार झाला आणि दंगा शहराच्या इतर भागांत पसरला. याला निव्वळ अडाणीपणा किंवा धर्मवेड म्हणणे सोपे आहे. पण परका माणूस दार ढकलून आत येतो आणि घरातल्या मुलीला घेऊन जाऊ पाहतो, ती परत येईल याची कोणतीच हमी नसते, तेव्हा कोणताही मोहल्ला गप्प बसत नाही. दोन वर्षे आधी गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती, तेव्हाही भीती हीच होती.

याच वर्षी, १८९८ मध्ये, ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढून हवा खेळवणे आणि नव्या जागा विकसित करणे ही त्याची कामे होती. योगायोग असा की त्याच १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो हे प्रयोगातून दाखवले. पण शहराचे नियोजन करणाऱ्यांच्या डोक्यात अंधार, कोंदटपणा आणि देशी माणसाची ‘घाण’ हेच रोगाचे कारण पक्के बसले होते.

ट्रस्टने नागपाडा भागात घरे पाडली. प्रिन्सेस स्ट्रीट काढला, पूर्व-पश्चिम जाणारा सँडहर्स्ट रोड काढला. पुढे क्रॉफर्ड मार्केटपासून उत्तरेकडे दाट वस्ती कापत एक मोठा रस्ता गेला. तोच आजचा मोहम्मद अली रोड. मौलाना मोहम्मद अली जौहर यांचे नाव धारण करणारा आणि रमजानमध्ये साऱ्या मुंबईला खेचणारा हा रस्ता मुळात दाटी फोडण्यासाठी काढलेला होता, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

पण दाटी फुटली का? ट्रस्टच्या पहिल्या दोन दशकांत जेवढ्या खोल्या पाडल्या गेल्या तेवढ्या बांधल्या गेल्या नाहीत. ज्यांची घरे गेली ते लोक दादर-माटुंग्याच्या नव्या प्लॉटवर राहायला गेले नाहीत, कारण ती जागा त्यांच्या कामापासून लांब होती आणि त्यांच्या खिशाला परवडणारी नव्हती. ते शेजारच्या गल्लीत शिरले. तिथले भाडे वाढले आणि एका खोलीत आणखी चार माणसे वाढली. म्हणजे गर्दी संपली नाही, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली. रस्ता रुंद झाला, खोली मात्र अरुंद झाली.

ट्रस्टच्या खात्यावर चांगल्या गोष्टीही जमा आहेत. इमामवाड्यासारख्या भागात त्याने बांधलेल्या बीआयटी चाळींनी पिढ्यांना आसरा दिला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास मांडलेला एक नियम तर आजही विचार करण्यासारखा आहे. खोलीत पुरेसा उजेड यायचा असेल तर तिच्या खिडकीसमोरच्या बांधकामाचा माथा ६३.५ अंशांच्या रेषेच्या वर जाऊ नये, असे ते म्हणत. सोप्या भाषेत याचा अर्थ असा की समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. पंधरा मीटर उंच इमारतीसमोर साडेसात मीटरची गल्ली. भेंडीबाजारच्या कितीतरी गल्ल्या या साध्या परीक्षेत नापास होतात. पण हा नियम जुन्या चाळीला लावायचा तर उद्याच्या टॉवरलाही लावायला हवा. १२० मीटर उंचीच्या टॉवरसमोर तो ६० मीटर मोकळी जागा मागतो. हे गणित पुढे उपयोगी पडेल.

१९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला. पहिले औषध संपले. रोगी होता तिथेच होता.

गोठलेले भाडे, झिजलेल्या भिंती

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा आला. त्याहून दूरगामी ठरला तो १९४७ चा कायदा. त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. फाळणीचा काळ होता, शहरात निर्वासित येत होते, घरमालकांच्या मनमानीला आळा घालणे गरजेचे होते. या कायद्यामुळे भेंडीबाजारातला अत्तरवाला, जिल्दसाज, शिंपी, हमाल शहराच्या मध्यभागी टिकून राहिला, हे विसरता येणार नाही.

मात्र भाडे गोठले तरी सिमेंट-लोखंडाचे भाव गोठले नाहीत. दहा-वीस रुपयांच्या भाड्यात मालक इमारतीचा जिना दुरुस्त करीना. भाडेकरूला वाटे, घर आपले नाही तर खर्च आपण का करावा? या पोकळीत पागडी वाढली. कागदावर भाडे नाममात्र आणि हातावर मोठी रक्कम, असा व्यवहार सगळ्यांनी मान्य केला. यातून भाडेकरू जवळजवळ मालक झाला, पण इमारतीला खरा मालक उरला नाही.

१९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून जुन्या इमारती दुरुस्त करायच्या, अशी योजना होती. त्या वेळी शहर बेटावर अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक १९४० पूर्वीच्या होत्या. १९७६ च्या कायद्याने हे काम म्हाडाकडे गेले. लाकडी खांबांना लोखंडी टेकू लागले आणि एकदा लागलेला टेकू वर्षानुवर्षे तसाच राहिला. हुसैनी इमारत पडली त्याच्या दोन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, डोंगरीच्या तांडेल स्ट्रीटवर केसरबाई इमारतीचा भाग कोसळून डझनभराहून जास्त माणसे गेली. हे बळी पावसाचे म्हणून नोंदले जातात. खरे तर ते सत्तर वर्षांच्या टाळाटाळीचे बळी आहेत.

मग लोक अशी घरे सोडून जात का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर फक्त स्वस्त भाड्यात नाही. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबईच्या मुसलमानांना एक कडू धडा दिला. मिश्र वस्त्यांतून असंख्य कुटुंबे बाहेर पडली. मुंब्रा आणि मीरा रोड त्यानंतर झपाट्याने वाढले, ते काही हौसेने नव्हे. आजही आडनाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव सांगणारे लोक आपल्या ओळखीत सापडतात. अशा शहरात मोहल्ल्याची दाटी ही भिंतीसारखी वाटते, गैरसोयीची पण पाठीशी उभी असलेली. मात्र हेही बोलले पाहिजे की मोहम्मद अली रोडवरची सुलेमान उस्मान बेकरी याच दाट वस्तीत होती आणि जानेवारी १९९३ मध्ये पोलिसांच्या गोळ्या तिथेही पोहोचल्या. दाटी सुरक्षिततेची भावना देते, हमी देत नाही.

दुसरे औषध: आणखी मजले

१९६० च्या दशकापासून मुंबईत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, हे मोजमाप वापरात आले. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे त्यातून ठरते. १९९१ च्या नियमावलीत शहर बेटासाठी तो साधारण १.३३ होता. म्हणजे १००० चौरस मीटर जमिनीवर १३३० चौरस मीटर बांधकाम. आता भेंडीबाजारातली एखादी जुनी इमारत डोळ्यांसमोर आणा. १००० मीटरच्या भूखंडातले ६०० मीटर व्यापून ती पाच मजले उभी असेल तर तिचे बांधकाम ३००० मीटर झाले, एफएसआय ३. ती पाडून १.३३ च्या नियमाने बांधायला घेतली तर निम्म्याहून जास्त भाडेकरू रस्त्यावर येतील. म्हणून जुन्या इमारतींसाठी वेगळी, जास्तीची सवलत द्यावी लागली.

इथपर्यंत तर्क बरोबर आहे. पण सवलत फक्त जुन्या रहिवाशांपुरती राहिली नाही. रहिवाशांना घर फुकट द्यायचे, मग बांधकामाचा खर्च कोण करणार? सरकारने तिजोरीतून पैसे देण्याऐवजी हवेतली जागा दिली. विकासकाने जास्तीचे मजले बांधावेत, ते बाजारभावाने विकावेत आणि त्या पैशातून जुन्यांची घरे बांधावीत. २००९ मध्ये एकेका इमारतीऐवजी समूहाने पुनर्विकास करण्याचे धोरण आले आणि अशा समूहाला चारचा एफएसआय मिळाला. पुढे २०१२ मध्ये ठरावीक टक्के जास्तीचे, ‘फंजिबल’ नावाचे क्षेत्रही मिळू लागले. पार्किंगचे मजले सर्वसाधारणपणे यात धरलेच जात नाहीत. त्यामुळे कागदावरचा चार हा आकडा आणि डोळ्यांना दिसणारी उंची यांत बरेच अंतर पडते.

म्हणजे बघा, १८९८ चे सरकार म्हणाले होते की इथली दाटी घातक आहे म्हणून माणसे कमी करा. २००९ चे सरकार म्हणाले की इथली घरे घातक आहेत म्हणून बांधकाम वाढवा. दाट वस्तीच्या दुरुस्तीचा खर्च दाटी विकून काढायचा, अशी ही योजना आहे.

याच वर्षी दाऊदी बोहरा समाजाचे ५२ वे दाई सय्यदना मुहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे साडेसोळा एकर जमीन, अंदाजे २५० इमारती, ३२०० कुटुंबे आणि १२५० दुकाने असा हा प्रकल्प आहे. रहिवाशाला किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर, रुंद रस्ते, मैलापाण्याची नवी व्यवस्था असे आश्वासन होते. त्यातले पहिले टॉवर उभे राहिले आणि कुटुंबे तिथे राहायलाही गेली.

या प्रकल्पाला सरसकट नाके मुरडणे अन्यायाचे होईल. मजल्यावरच्या सामाईक संडासासमोर सकाळी रांग लावणाऱ्या बाईला घरातल्या घरात संडास मिळणे, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला लिफ्ट मिळणे, गल्लीत अग्निशमन दलाची गाडी शिरू शकणे, या छोट्या गोष्टी नाहीत. जुन्या चाळीच्या ‘आपुलकी’वर लिहिणारे बहुधा तिथला जिना रोज चढत नसतात. आणि धर्मादाय हेतूने समाजाची संस्था हे काम हातात घेते, तेव्हा नफेखोर बिल्डरपेक्षा लोकांचा भरोसा जास्त असतो.

पण त्या भरोशाला एक दुसरी बाजूही असते. बिल्डरला ‘नाही’ म्हणता येते. ज्या जमातीत आपला निकाह आणि दफन व्हायचे आहे तिच्या संस्थेला ‘नाही’ म्हणणे अवघड जाते. हे कुठल्याही समाजाच्या संस्थेला लागू आहे, मशिदीच्या वक्फपासून जातीच्या गृहनिर्माण मंडळापर्यंत. म्हणून जिथे श्रद्धा आणि जमीन एकत्र येतात तिथे हिशेब बाजारापेक्षाही जास्त उघडा असावा.

ज्यांच्याकडे पावती नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साडेसोळा एकरांत ३२०० कुटुंबे म्हणजे एकरी सुमारे १९४ कुटुंबे. घरटी पाच माणसे धरली तर एकरी जवळपास ९७० माणसे. विक्रीच्या घरांमुळे यात आणखी कुटुंबे येणार. ती किती येणार, त्यांच्यासाठी पाणी, मैलावाहिनी, शाळेच्या जागा कुठून येणार, हा पहिला सवाल आहे. विक्रीची घरे घेणारा माणूस गाडी घेऊन येईल. हातगाडीवर माल ओढणाऱ्याच्या आणि त्या गाडीच्या वाटेत रस्ता एकच असेल.

दुसरा सवाल अधिक गंभीर आहे. ही ३२०० कुटुंबे मोजली कशी जातात? भाडेपावतीवरून. पण भेंडीबाजारात पावती नसलेली वस्ती पावतीवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून जगत आली आहे. दुकानाच्या माळ्यावर झोपणारा कारागीर, कारखान्यातच राहणारा बिहारचा मुलगा, पोटभाडेकरू विधवा, दुकानाच्या फळीसमोर पिढ्यान्‌पिढ्या पथारी लावणारा, जमातीच्या खोलीत रात्र काढणारा खलाशी. इमारत पडली की ढिगाऱ्याखाली हेही सापडतात. इमारत बांधली की यादीत मात्र हे सापडत नाहीत.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हेच केले होते. त्याने खोल्या मोजल्या, खोलीत झोपणारी माणसे कुठे जातील हे मोजले नाही. परिणाम शेजारच्या गल्लीने भोगला. आज शेजारची गल्ली म्हणजे मुंब्रा, गोवंडी, भिवंडी. २००१ ते २०११ या दशकात शहर बेटाची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. म्हणजे या बेटावर इमारती उंच होत असताना माणसे घटत होती. त्यात गिरण्या बंद पडणे, घरांची गोदामे होणे, महागाई अशी अनेक कारणे आहेत. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. जास्त बांधकाम म्हणजे जास्त लोकांना घर, असे आपोआप होत नाही. मजले वाढूनही गरिबाची जागा कमी होऊ शकते.

मुसलमानांना या प्रश्नावर विचार करण्यासाठी उसनी भाषा आणण्याची गरज नाही. कोणाला इजा करू नये आणि इजेच्या बदल्यातही इजा करू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण पुढे इस्लामी शहरांतल्या बांधकामाच्या न्यायाचा पाया बनली. चौदाव्या शतकात ट्यूनिसमध्ये इब्न अल-रामी नावाचा एक गवंडी होऊन गेला. तो काझीसाठी घरांच्या भांडणांची पाहणी करत असे. भिंत, खिडकी, गटार, धूर, शेजाऱ्याच्या अंगणात पडणारी नजर, अशा तंट्यांवर त्याने एक ग्रंथच लिहिला. त्या परंपरेत बांधू नका असे कोणी म्हणत नव्हते. तिथली शहरेही दाटच होती. विचारले जाई ते एवढेच की तुझ्या बांधण्याने शेजाऱ्याचे काय बिघडते? उत्तर द्यायची जबाबदारी बांधणाऱ्यावर होती. जे. पी. ऑर यांचे ६३.५ अंश आणि ट्यूनिसच्या गवंड्याचा हा प्रश्न, दोन्ही एकाच जागी येऊन मिळतात.

मग भेंडीबाजारने आणखी बांधकाम स्वीकारावे का? माझे उत्तर असे आहे की पुन्हा बांधणे टाळता येणार नाही. टेकूवर उभ्या असलेल्या भिंतींचे कौतुक करत बसणे म्हणजे पुढच्या हुसैनीची वाट पाहणे. पण पुन्हा बांधणे वेगळे आणि वाढवून विकणे वेगळे. आहेत त्या माणसांसाठी जेवढे मजले लागतील तेवढे जरूर चढवावेत. त्यावरचा प्रत्येक मजला कशासाठी, कोणासाठी, किती पाण्यावर आणि किती उजेडावर, हे आधी जाहीर झाले पाहिजे. पावती असलेल्यांसोबत पावती नसलेल्यांचीही गणना झाली पाहिजे आणि त्यांच्यासाठी छोट्या भाड्याच्या खोल्या, कामगारांसाठी निवास, रस्त्यावरच्या धंद्यासाठी ठरलेली जागा आराखड्यात काढली पाहिजे. जमातीच्या खोल्यांना नव्या इमारतीत जागा का नसावी? विक्रीच्या मजल्यांची संख्या कमी करून खर्च भागत नसेल तर सरकारने आपला वाटा उचलावा. पंचाहत्तर वर्षांपूर्वी भाडी गोठवून या वस्तीचा प्रश्न खाजगी मालकावर ढकलला, आता एफएसआय देऊन तो हवेवर ढकलला. तिजोरीला हात लावायची वेळ कधी तरी यायला हवी.

आपल्या बाजूनेही काही करायचे आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी आराखडा मागणे, देखभालीचा मासिक खर्च किती येणार ते विचारणे, शेजारच्या पोटभाडेकरूचे नाव यादीत आहे का ते पाहणे, हे मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींना सहज करता येईल. मशिदीच्या सूचना फलकावर चंद्रदर्शनाची खबर लागते तशी प्रकल्पाच्या मंजुरीची प्रत लागायला काय हरकत आहे? वस्तीचा निर्णय पुरुषांच्या बैठकीत होतो आणि घर बाईने चालवायचे असते, म्हणून सहीच्या बैठकीला बायकाही हव्यात.

भेंडीबाजार दोनशे वर्षे दाट राहिला आहे आणि पुढेही राहील. दाटीला घाबरण्याचे कारण नाही. घाबरावे ते त्या हिशेबाला, ज्यात चौरस फूट पक्के असतात आणि माणसे अंदाजे.